जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर ब्राउझर चालता ठेवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज एक्सपी, विंडोज ७, जुना मॅक, जुना अँड्रॉइड फोन किंवा अडगळीत न टाकलेलं आयपॅड, यांपैकी काही वापरात असेल तर हे पान तुमच्यासाठी आहे. सिस्टीम अपग्रेड करता येत असेल तर आधी ती करा. ते जमत नाही म्हणूनच तुम्ही इथे आला आहात, असं धरून पुढची उत्तरं दिली आहेत.

बाकी सगळं झकास चालतं, मग ब्राउझरच का रुसतो?

कारण ब्राउझरचं निम्मं काम दुसऱ्याच्या हातात असतं. वीस वर्षांपूर्वीचा वर्ड प्रोसेसर आजही तीच फाइल तशीच उघडतो. ब्राउझरला मात्र समोरच्या सर्व्हरशी जुळवून घ्यावं लागतं, आणि तो सर्व्हर दर काही वर्षांनी आपले नियम बदलतो.

बिघाड साधारण तीन ठिकाणी होतो. पहिलं ठिकाण म्हणजे सुरक्षित जोडणी. ती ज्या नियमांनी होते त्यांना टीएलएस म्हणतात. टीएलएस १.२ चं मानक २००८ मध्ये आलं, १.३ चं २०१८ मध्ये, आणि २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी १.० आणि १.१ ला रजा दिली. सर्व्हरवाल्यांनीही तेच केलं. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला १.० च्या पुढचं काही येत नाही, त्यामुळे बहुतेक साइटशी त्याचं बोलणं सुरूच होत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे पानाची भाषा. जावास्क्रिप्टमध्ये एखादं नवीन फंक्शन आलं तर साइटवाले जुन्या ब्राउझरसाठी त्याची नक्कल पुरवू शकतात. पण नवं व्याकरण आलं की नक्कल चालत नाही. उदाहरणार्थ, प्रश्नचिन्ह आणि टिंब एकत्र लिहिण्याची पद्धत क्रोममध्ये ८० व्या आवृत्तीपासून (२०२०) आहे. त्याआधीच्या ब्राउझरला ते चिन्ह दिसलं की तो त्या ओळीपुरता अडत नाही, ती अख्खी फाइलच नाकारतो. एका चिन्हापायी पूर्ण पान पांढरं.

तिसरं ठिकाण म्हणजे खुद्द मशीन. नवा ब्राउझर ऑपरेटिंग सिस्टीमकडे अशा सोयी मागतो ज्या जुन्या सिस्टीमकडे नसतात. कधी प्रोसेसरही कमी पडतो. क्रोमला ८९ व्या आवृत्तीपासून (२०२१) एसएसई३ (प्रोसेसरला येणाऱ्या जादा सूचनांचा एक संच) असलेला प्रोसेसर लागतो.

माझ्या बाबतीत यातलं नेमकं काय बिघडलंय?

याचं उत्तर मिळण्याआधी काहीही डाउनलोड करू नका. लोक सहसा उलट करतात: पाच ब्राउझर भरतात आणि मग कुठला चालतो ते बघतात.

पान यायच्या आधीच सर्टिफिकेटची (साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) किंवा ‘सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही’ अशी सूचना येते का? मग अडचण पहिल्या ठिकाणी आहे. पान येतं, पण कोरं असतं, नुसतं गोल चक्र फिरत राहतं किंवा बटणं दाबून काही होत नाही? मग ती जावास्क्रिप्टची गोष्ट. सगळं दिसतं पण मांडणी विस्कटलेली, मेनू मजकुरावर चढलेला? तेही वरचं दुसरं ठिकाणच, फक्त दोष सीएसएसचा, म्हणजे मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा. नव्या ब्राउझरचा इन्स्टॉलरच ‘हा वैध प्रोग्रॅम नाही’ म्हणत असेल तर सिस्टीम किंवा प्रोसेसर जुना आहे, किंवा तुम्ही ३२ बिट मशीनवर ६४ बिटची फाइल चालवताय.

आणि हे सगळं करण्याआधी घड्याळ बघा.

घड्याळाचा काय संबंध?

प्रत्येक सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल (बहुधा सीआर२०३२) संपला की प्रत्येक वेळी प्लग काढल्यावर तारीख मागे जाते, आणि ब्राउझरच्या लेखी जगातली सगळी सर्टिफिकेटं अजून जन्मालाच आलेली नसतात. सेल बदला, तारीख लावा. सगळ्याच साइटवर एकाच दिवशी एरर यायला लागली तर पहिला संशय यावरच घ्यावा.

कुठल्या सिस्टीमवर कुठला ब्राउझर शेवटचा?

विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा: क्रोम ४९, फायरफॉक्स ५२ ईएसआर (ईएसआर म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारी शाखा). फायरफॉक्सचं शेवटचं अपडेट जून २०१८ मधलं.

विंडोज ७, ८ आणि ८.१: क्रोम १०९, जो जानेवारी २०२३ मध्ये आला. फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही इथली शेवटची शाखा. तिची मुदत मोझिलाने एकदा नाही, अनेकदा वाढवली. म्हणून विंडोज ७ वर असाल तर क्रोम १०९ ला चिकटून राहण्यापेक्षा ११५ ईएसआरचं सर्वात ताजं अपडेट घेतलेलं केव्हाही चांगलं. मुदत अजून चालू आहे का, ते मात्र मोझिलाच्या पानावर बघून घ्या.

मॅक: १०.६ ते १०.८ साठी क्रोम ४९. १०.९ ते १०.११ साठी फायरफॉक्स ७८ ईएसआर. १०.१२ ते १०.१४ साठी फायरफॉक्स ११५ ईएसआर. १०.१५ वर क्रोम १२८ पर्यंत जातं, मॅकओएस ११ वर १३८ पर्यंत. सफारीचा विषय वेगळा आहे, तो खाली.

अँड्रॉइड: ४.४ वर क्रोम ८१, ७ वर क्रोम ११९, ८ आणि ९ वर क्रोम १३८.

एकाच एक्सपीवर फायरफॉक्समध्ये साइट उघडते, क्रोममध्ये नाही. असं कसं?

हा फरक नीट समजला तर पुष्कळ कोडी सुटतात. फायरफॉक्स सर्टिफिकेट तपासण्याचं सगळं सामान स्वतःबरोबर घेऊन फिरतो: विश्वासू संस्थांची यादीही त्याची, तपासणारी यंत्रणाही त्याची. जुना क्रोम मात्र सर्टिफिकेट खरं की खोटं हे ऑपरेटिंग सिस्टीमला विचारायचा. एक्सपीला इलिप्टिक कर्व्ह प्रकारची सर्टिफिकेटं वाचताच येत नाहीत, आणि आज अशा सर्टिफिकेटवर असंख्य साइट चालतात. म्हणून क्रोम ४९ टीएलएस १.२ बोलू शकत असूनही दारातच अडतो आणि फायरफॉक्स ५२ आत जातो. गूगलने क्रोमसाठी स्वतःची यादी आणायला सुरुवात केली ती २०२२ मध्ये. एक्सपीला त्याचा काही उपयोग नव्हता.

२०२१ नंतर एकदम खूप साइट बंद पडल्या. तेव्हा काय झालं होतं?

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट सर्टिफिकेटं देते आणि लहानमोठ्या असंख्य साइट तिच्यावर चालतात. सुरुवातीला तिची सर्टिफिकेटं डीएसटी रूट सीए एक्स३ या दुसऱ्याच जुन्या रूटच्या (बाकी सर्टिफिकेटं ज्याच्या भरवशावर मान्य होतात त्या मूळ सर्टिफिकेटच्या) आधाराने मान्य होत होती. ते रूट ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपलं. त्यांचं स्वतःचं रूट, आयएसआरजी रूट एक्स१, ज्या सिस्टीमच्या यादीत नव्हतं त्या अडकल्या: जुने मॅक, आयओएस १० च्या आधीची उपकरणं. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांसाठी एक खास सोय केली होती, तीही २०२४ मध्ये संपली.

उपाय दोन. सोपा उपाय म्हणजे फायरफॉक्स, कारण त्याची यादी त्याच्यापाशी असते. दुसरा उपाय म्हणजे ते रूट सर्टिफिकेट हाताने सिस्टीममध्ये भरणं. मॅकवर कीचेन ॲक्सेसमध्ये, विंडोजवर सर्टिफिकेट व्यवस्थापकात ‘विश्वासू रूट’ या कप्प्यात. हे रूट २०३५ पर्यंत वैध आहे. फाइल फक्त लेट्स एन्क्रिप्टच्या साइटवरून, शक्यतो दुसऱ्या नव्या मशीनवर उतरवून, पेनड्राइव्हने आणा. कुणीतरी बनवलेला ‘सगळी सर्टिफिकेटं एका क्लिकमध्ये’ असा पॅक चालवू नका. रूट भरणं म्हणजे त्या किल्लीच्या मालकाला ‘तू म्हणशील ती साइट खरी’ असा कोरा चेक देणं आहे.

फायरफॉक्समधली सगळी एक्स्टेन्शनं एका दिवशी बंद पडली. मी तर काहीच केलं नव्हतं.

तुम्ही खरंच काही केलं नव्हतं. एक्स्टेन्शनवरची सही तपासण्यासाठी फायरफॉक्समध्ये जे रूट सर्टिफिकेट होतं त्याची मुदत १४ मार्च २०२५ ला संपली. १२८ च्या आधीच्या आणि ईएसआर शाखेत ११५.१३ च्या आधीच्या आवृत्त्यांना त्याचा फटका बसला. विंडोज ७ वर असाल तर ११५ ईएसआरचं ताजं अपडेट घ्या, विषय संपला. ५२ किंवा ७८ ईएसआरवर असाल तर पुढे जायला वाट नाही. पण ईएसआर आवृत्त्यांमध्ये प्रगत सेटिंग्जच्या पानावर जाऊन सही तपासणी बंद करता येते. ती बंद केल्यावर एक्स्टेन्शन कुठून घेताय याची जबाबदारी तुमची. तारीख मागे नेऊन काम भागवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, घड्याळाचं उत्तर वर दिलंच आहे.

सुपरमियम, मायपाल, पेल मून: हे काय प्रकार आहेत? भरवशाचे आहेत का?

मोठ्या कंपन्यांनी सोडून दिलेल्या सिस्टीमसाठी हौशी प्रोग्रॅमरांनी केलेली कामं. सुपरमियम म्हणजे क्रोमियमचा (क्रोम ज्यावर उभा आहे त्या खुल्या ब्राउझरचा) नवा कोड एक्सपीपासून पुढच्या विंडोजवर चालेल असा वळवलेला. मायपाल ६८ हा फायरफॉक्स ६८ वर बेतलेला, एक्सपीसाठी. आर३डीफॉक्स नव्या फायरफॉक्सला विंडोज ७ वर चालवतो. मॅकवर क्रोमियम लेगसी तेच काम करतो. पॉवरपीसी मॅकसाठी टेनफोरफॉक्सने अनेक वर्षं खिंड लढवली, २०२१ मध्ये त्याचं नियमित काम थांबलं. पेल मून जरा वेगळा: त्याचं इंजिन गोआना, फायरफॉक्सच्या जुन्या कोडमधून फुटून स्वतंत्रपणे वाढलेलं. हलका आहे, पण नवी साइट दिसली की कधीकधी अडखळतो, आणि एक्सपीवर आता चालत नाही.

आता भरवसा. माझं मत असं: २०१६ पासून अपडेट न झालेला क्रोम ४९ वापरण्यापेक्षा नियमित अपडेट येणारा सुपरमियम बरा. पण यातले बरेच प्रकल्प एकदोन माणसांच्या खांद्यावर उभे आहेत. क्रोमियममध्ये भोक सापडून ते बुजवलं गेलं की तोच बदल इथे यायला वेळ लागतो, आणि त्या काळात भोक कुठे आहे हे जगजाहीर असतं. बसवण्याआधी दोन गोष्टी बघा: शेवटची आवृत्ती कधी आली, आणि कोड उघडा आहे का. दोन्हींची उत्तरं समाधानकारक नसतील तर सोडून द्या.

युजर एजंट बदलून काम भागतं का?

कधीकधी, आणि तेव्हा फार गंमत वाटते. युजर एजंट म्हणजे ब्राउझर साइटला स्वतःचं जे नाव आणि आवृत्ती सांगतो ते. काही साइट ब्राउझरची क्षमता न तपासता नुसतं नाव वाचून ‘अपडेट करा’ म्हणतात. तिथे नवं नाव सांगितलं की दार उघडतं. पण ब्राउझरला जे येत नाही ते नाव बदलून येणार नाही. उलट साइट तुम्हाला आणखी नवा कोड पाठवेल आणि पान पहिल्यापेक्षा जास्त मोडेल. एका साइटपुरतं करून बघा, कायमचं ठेवू नका.

जुन्या आयपॅडवर दुसरा ब्राउझर टाकला तर?

फरक पडणार नाही. आयओएसवर क्रोम असो की फायरफॉक्स, पान रंगवणारं इंजिन सिस्टीममधलं वेबकिटच असतं. युरोपीय संघात २०२४ पासून, आयओएस १७.४ नंतर, दुसऱ्या इंजिनाला परवानगी मिळाली, पण जुन्या आयपॅडला त्याचा उपयोग नाही. सिस्टीम अडकली की सगळे ब्राउझर अडकले. आयपॅड २ आयओएस ९ वर थांबलं, पहिलं आयपॅड एअर १२ वर. अशा आयपॅडवर पुस्तकं, उतरवलेले व्हिडिओ, गाणी हीच कामं ठेवावीत. घरात दुसरा कॉम्प्युटर असेल तर रिमोट डेस्कटॉपने त्याचा ब्राउझर आयपॅडच्या पडद्यावर बघता येतो, आणि तो चांगला चालतो.

मॅकवर सफारीचं तसंच आहे, ती सिस्टीमबरोबर जुनी होते. पण मॅकवर दुसरं इंजिन आणायला मोकळीक आहे. शिवाय ओपनकोअर लेगसी पॅचर वापरून ॲपलने वगळलेल्या कित्येक मॅकवर नवी मॅकओएस बसवता येते. खटपट बरीच आहे, आणि आधी बॅकअप घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

अँड्रॉइडवर?

इथे जरा बरं आहे. अँड्रॉइड ५ पासून वेबव्ह्यू हा भाग सिस्टीमपासून सुटा झाला आणि प्ले स्टोअरमधून अपडेट होऊ लागला. इतर ॲपमध्ये उघडणारी वेब पानं त्यावर चालतात, तेव्हा क्रोमबरोबर तोही अपडेट करा. अँड्रॉइडचा फायरफॉक्स स्वतःचं इंजिन आणि स्वतःची सर्टिफिकेट यादी घेऊन येतो, म्हणून जुन्या फोनवर तो आधी करून बघावा. ऑपेरा मिनीचा सर्वाधिक डेटा वाचवणारा मोड पान त्यांच्या सर्व्हरवर तयार करून आणतो. वाचायला छान, पण मधला सर्व्हर सगळं बघू शकतो, त्यामुळे पासवर्ड टाकू नये.

बँकेचं काम करू का?

नाही.

एवढ्यावर समाधान होत नसेल तर कारण ऐका. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत एक भोक सापडलं. जाणूनबुजून बिघडवलेलं एक चित्र दाखवलं तरी हल्ला शक्य होता, क्लिकसुद्धा नको. क्रोम आणि फायरफॉक्सने काही दिवसांत दुरुस्ती काढली. ज्या ब्राउझरांची अपडेट बंद होती त्यांच्यात ते भोक तसंच राहिलं. ‘मी फक्त ओळखीच्या साइटवर जातो’ हे म्हणणंही पुरेसं नाही, कारण ओळखीच्या साइटवरची जाहिरात अनोळखी सर्व्हरवरून येते.

पैसे, मुख्य ईमेल आणि सरकारी ओळखपत्रांची कामं दुसऱ्या, अपडेट मिळणाऱ्या उपकरणावर करा. मुख्य ईमेल यासाठी, की बाकी सगळे पासवर्ड त्यातूनच बदलता येतात. जुन्या मशीनवर वाचन, संदर्भ शोधणं आणि जिथे लॉगिन लागत नाही अशी कामं ठेवा.

पण माझ्याकडे अँटिव्हायरस आहे.

तो ब्राउझरमधलं भोक बुजवत नाही. शिवाय काही अँटिव्हायरस सुरक्षित जोडणी मध्ये उघडून तपासतात. तो स्वतःच जुना असेल तर ब्राउझर ठीक असूनही साइट उघडणार नाही. सर्टिफिकेट एररमध्ये अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर हेच कारण.

ब्राउझर चालतो, पण फार रेंगाळतो.

जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. यूब्लॉक ओरिजिन हे पहिलं नाव. जुन्या मशीनवर याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही, कारण पानातला मजकूर थोडा आणि जाहिरातींचा कोड भारंभार असतो. व्हिडिओ अडखळत असेल तर साइटला एच.२६४ स्वरूप द्यायला भाग पाडणारी एक्स्टेन्शनं मिळतात. व्हीपी९ आणि एव्ही१ उलगडायला जुन्या ग्राफिक्स कार्डमध्ये सोय नसते आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. पडद्यावर काळे चौकोन किंवा झिरमिळ्या दिसत असतील तर सेटिंगमधून हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा. रॅम वाढवता येत असेल तर वाढवा, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. टॅब कमी ठेवा हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

सरळ लिनक्स टाकून टाकू का?

मशीन ६४ बिट असेल आणि ४ जीबी रॅम असेल तर माझं उत्तर हो. नवा ब्राउझर, नियमित अपडेट, आणि पेनड्राइव्हवरून आधी न बसवता चालवून बघायची सोय. क्रोमओएस फ्लेक्सही साधारण एवढ्याच ताकदीवर चालतं.

३२ बिट असेल तर दार हळूहळू बंद होतंय. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सने १४४ ही शेवटची आवृत्ती दिली, आणि डेबियन १३ आता ३२ बिटवर थेट बसवता येत नाही. अँटीएक्ससारखी हलकी वितरणं अजून तग धरून आहेत, पण ब्राउझरचा प्रश्न तिथेही येणारच.

एखादा जुना स्कॅनर किंवा मशीनचं सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवर चालतं, म्हणून एक्सपी सोडता येत नाही, असंही असतं. मग एक्सपी नेटपासून तोडा आणि ब्राउझिंग दुसरीकडे करा. नव्या मशीनवर व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी बसवता आली तर आणखी उत्तम, फक्त हार्डवेअर तिथे ओळखलं जातंय का ते आधी तपासा.

विंडोज १० चं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला तिचं नेहमीचं सपोर्ट संपलं, पण ब्राउझरपुरती घाई नाही. विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर एजला किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देऊ, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय. धोका सिस्टीमच्या बाजूने आहे. विंडोज ७ चं सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपलं आणि क्रोमने तिला २०२३ पर्यंत सांभाळलं, तसाच हा मधला काळ.

विंडोज ९८ वर आजच्या साइट बघता येतील?

थेट नाही, प्रॉक्सी लावून हो. प्रॉक्सी म्हणजे मध्ये बसणारा प्रोग्रॅम. घरातल्या नव्या मशीनवर वेबवन ही प्रॉक्सी चालवली तर ती सुरक्षित जोडणी स्वतः करते आणि जुन्या ब्राउझरला साधं पान देते. वेब रेंडरिंग प्रॉक्सी त्याहून पुढे जाते: पूर्ण पानाचं चित्र काढून पाठवते, आणि त्या चित्रावर क्लिक करता येतं. दोन्हीत शेवटचा टप्पा उघडा असतो, तेव्हा हे घरच्या नेटवर्कच्या बाहेर नेऊ नका. मौज म्हणून जरूर करावं.

मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात.

फॉन्ट नाही. एक्सपीमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांचा आधार चालू करावा लागतो आणि तेव्हा मूळ सीडी मागितली जाते. सीडी नसेल तर एखादा मोफत देवनागरी युनिकोड फॉन्ट टाका आणि फायरफॉक्समध्ये पान बघा. जोडाक्षरं जुळवण्याचं काम तो स्वतः करतो. इमोजीचे चौकोन राहतील, त्यांची सवय करा.

ब्राउझर बदलताना जुने पासवर्ड आणि बुकमार्क जातील का?

आधी प्रोफाइलचं फोल्डर कॉपी करून बाजूला ठेवा. फायरफॉक्समध्ये ते फोल्डर म्हणजे सगळा संसार: बुकमार्क, पासवर्ड, इतिहास. क्रोममध्ये विंडोजवरचे पासवर्ड त्या विंडोज लॉगिनशी बांधलेले असतात, नुसतं फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेलं तर ते उघडत नाहीत. ते एक्स्पोर्ट करा आणि काम झाल्यावर ती फाइल पुसा, कारण त्यात पासवर्ड साध्या अक्षरात असतात. नव्या आवृत्तीत एकदा उघडलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत परत नेऊ नका. फायरफॉक्स ६७ पासून तर तसं करायला अडवतोच.

जुने इन्स्टॉलर कुठून घ्यायचे?

फायरफॉक्सच्या सगळ्या आवृत्त्या मोझिलाच्या स्वतःच्या संग्रहात आहेत, तिथूनच घ्या. फोर्क (सुपरमियम, मायपाल यांसारखे दुसऱ्याच्या कोडवरून केलेले ब्राउझर) ज्या त्या प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून. ‘जुनी सॉफ्टवेअर फुकट’ अशा डाउनलोड साइटवर इन्स्टॉलरबरोबर काय काय चिकटून येतं ते सांगता येत नाही. फाइल बसवण्याआधी गुणधर्मांमध्ये जाऊन डिजिटल सही कुणाची आहे ते पाहा. एक्सपीवर ती सही पडताळता आली नाही तर नव्या मशीनवर पडताळून मग फाइल हलवा.